आतून लावलेला टिळा

कूलरची टाकी भरून पंखा पहिल्यांदा लावला की एक-दोन दिवसांत फडताळातली बरणी वाजते. आवाज बारीक असतो. काचेच्या पेल्याला नख लागावं तसा, एकदाच. पुढे कधी तासभर, कधी आठवडाभर काही नाही. बरणी हातात घेऊन उजेडाकडे फिरवली की केसाएवढी एक नवी रेघ सापडते.

याचं कारण साधं आहे. भाजलेल्या मातीवर काचेचा पातळ थर असतो. कारखान्यात त्याला ग्लेज म्हणतात, पुस्तकात झिलई. माती आणि काच आगीत एकमेकींना चिकटतात आणि पुढे जन्मभर एकत्र राहतात, पण दोघींचं फुगणं-आकसणं सारखं नसतं. माती पुरती भाजलेली नसेल तर ती पावसाळ्यामागून पावसाळे हवेतली ओल पिते आणि किंचित फुगते. काच फुगत नाही. ती ताणली जाते. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या खोलीत कूलरचा गार झोत आला की त्या ताणलेल्या काचेला तेवढं निमित्त पुरतं. आवाज आज येतो. घाव भट्टीतच बसलेला असतो.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, लागला की नागपूर दुपारचं बंद असतं. डांबर चपलेला चिकटतं. दुचाकीवरची माणसं डोळे सोडून सगळं तोंड पांढऱ्या दुपट्ट्यात बांधतात, त्यामुळे ओळखीचा माणूसही जवळ येईपर्यंत दरोडेखोर वाटतो. खिशात कांदा ठेवणारे अजून आहेत. या दिवसांत शहराचा स्वभाव बदलतो. सिग्नलवर आरशाला आरसा घासला तरी माणसं गाडी स्टँडवर लावून, सावकाश चालत येऊन एकमेकांची गचांडी धरतात. मारामारीच्या तक्रारी मे महिन्यात जास्त येतात असं जुने हवालदार सांगत. कोणी मोजलं नव्हतं, पण कोणी खोडूनही काढलं नव्हतं.

अशाच एका मे महिन्यात मी उमरेड रोडवर, शहर संपून लग्नाची लॉन सुरू होतात तिथं, बरण्यांच्या एका कारखान्याच्या आवारात खोली घेऊन राहत होतो. काम वर्तमानपत्रातलं, रात्रपाळीचं, त्यामुळे दुपार खोलीवर जायची. खिडकीसमोर भट्टी होती. विटांचा घुमट, दोन पुरुष उंच, मागे चिकटून चिमणी, बुडाशी चारी बाजूंना कोळसा टाकायची तोंडं. तिला कायमचं दार नव्हतं. माल भरून झाला की उघडी जागा विटांनी बांधायची, मातीनं लिंपायची. भाजून झालं की विटा काढायच्या. विटा दर वेळी त्याच आणि त्याच क्रमानं. आवाराच्या दोन्ही अंगांना लग्नाची लॉन झाली होती. संध्याकाळी दोन्हीकडून वेगवेगळी गाणी यायची आणि मध्ये ही काळी भट्टी.

कारखान्याचा मालक त्याच हिवाळ्यात वारला होता. मूळचं घर उमरेडच्या विणकरांचं; माग बंद पडल्यावर त्यानं मातीचा धंदा धरला. मागे मुलगी मंदाताई आणि तिच्याहून धाकटा मुलगा किशोर. मंदाताई कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. बाप गेल्यावर तिनं नोकरी सोडली आणि चाव्या स्वतःच्या कमरेला लावल्या. किशोर मौद्याच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता आणि रविवारी यायचा. त्याला भट्टी पाडून तिथं तिसरं लॉन करायचं होतं. भट्टी पेटवायला दौलत होता, कुहीकडचा, साठी ओलांडलेला. त्याची सगळी उमर त्या चार तोंडांसमोर गेली होती. भुवयांना केस नव्हते.

त्या उन्हाळ्याचा पहिला आवाज बारीक नव्हता. भर दुपारी आवारात काहीतरी कोसळल्यासारखं झालं, मग पुन्हा, मग एका ठेक्यात. खिडकी उघडली तर मंदाताई साडीचा पदर खोचून, डोक्याला ओला टॉवेल बांधून, लोखंडी पहारीनं बरण्या फोडत होती. तयार माल होता. पिवळ्या-तपकिरी, आरशासारख्या चकचकणाऱ्या. ओळीनं मांडलेल्या होत्या आणि ती ओळीनंच फोडत होती, एक सोडून दुसरी नाही. तुकडे उडून भिंतीला लागत होते. दौलत कोळशाच्या ढिगापाशी उकिडवा बसून पाहत होता.

किशोर फाटकातून आला तेव्हा निम्मी ओळ संपली होती. त्यानं गाडी तशीच सोडली, तोंडावरचा दुपट्टा ओढून काढला.

"काय वं ताई, डोकं फिरलं का उन्हानं?"

"दूर उभा राह्य. काचा लागतीन."

"बाप जाऊन वर्ष नाही झालं, आन तू त्याच्या बरण्या फोडून राहिली."

"विष आहे त्याच्यात. सिरका भरून ठेवला होता रातभर. सकाळी औषध टाकलं तं काळा झाला."

"लोकं इतके वर्षं लोणचं खाऊन राहिले त्याच्यात. कोणी मेलं का?"

"बाबा मेले," ती म्हणाली आणि पुढची बरणी फोडली.

बरणीवरची ती चकाकी शेंदराची होती. शेंदूर म्हणजे शिसं. नुसती वाळू वितळवायची तर पोलाद वितळायला लागतो त्याहून मोठा जाळ लागतो. तिच्यात शेंदूर कालवला की ती हजार अंशांच्या आतच शरण येते, मधासारखी पसरते, निवल्यावर चेहरा दिसेल अशी काच होते. कोळसा कमी, वेळ कमी, चमक जास्त. पण कमी आगीत घाईनं झालेली ती काच शिसं घट्ट धरत नाही. कैरी, लिंबू, सिरका असं काही आंबट आलं की ते थोडं थोडं बाहेर येतं. आणि जो माणूस रोज कोपरापर्यंत हात घालून ते कालवतो, त्याला बरणीचीही गरज नसते. म्हाताऱ्याचं पोट वर्षानुवर्षं दुखायचं. हिरड्यांवर निळी रेघ होती. शेवटी दोन्ही मनगटं लटकली. हात पुढे केला की पंजे खाली पडायचे. गावाकडच्या डॉक्टरनं लकवा म्हटलं होतं.

मंदाताईनं हे सगळं पहारीवर टेकून, धापा टाकत सांगितलं. मग म्हणाली, "रागही येते त्याच्यानं. पुस्तकात लिहिलं आहे."

किशोरनं ऐकून घेतलं. नंतर त्यानं शर्टाची बाही वर सरकवली. डाव्या हातावर कोपराखाली एक लांब, चकचकीत डाग होता, भाजल्याचा. भट्टीत कोळसा सारायची सळई असते तिचा. तो शाळेत असताना बापानं ती तापलेली सळई त्याच्या हातावर मारली होती. कारण काय होतं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं.

"हेही शेंदरानंच केलं का?"

"मले मालूम नाही."

"नाही कसं? मास्तरीण आहेस ना तू? आपल्या पुस्तकाले विचार, कोणता मार बापाचा होता आन कोणता शेंदराचा. वेगळे वेगळे करून दे मले."

तिनं पहार पुन्हा उचलली. उरलेल्या बरण्या फोडल्या. किशोर फाटकापाशी उभा राहून शेवटच्या बरणीपर्यंत पाहत राहिला. त्याला भट्टी का पाडायची होती, ते त्या दिवशी कळलं. लॉन हे लोकांना सांगायचं कारण होतं.

करार तिथंच, तुकड्यांमध्ये उभं राहून झाला. एक भट्टी. शेंदराशिवाय. बरण्या चांगल्या निघाल्या आणि सिरक्याच्या तपासात स्वच्छ ठरल्या तर भट्टी राहील आणि किशोर पुन्हा लॉनचं नाव काढणार नाही. एकीचा जरी सिरका काळा झाला तर तो जेसीबी आणेल आणि ती फाटक उघडून देईल. कैऱ्या बाजारात यायला लागल्या होत्या. लोणच्याचे दिवस जायच्या आत भट्टी लागायला हवी होती. दौलतला साक्षीदार धरलं. तो म्हणाला, "माह्यं कोण ऐकते बाप्पा, पण ऐकलं मी."

शेंदराचं पिंप मंदाताईनं हातमोजे घालून बंद केलं आणि आवारातून घालवलं. बादल्या, चाळण्या, कालवायची फळी, सगळं गेलं. दौलतला हे पटलं नाही.

"बाई, शेंदराबिगर भट्टी पेटन का? मारुतीही असा कोरडा बसत नाही."

"मारुतीमध्ये लोणचं नाही भरायचं, दौलतभाऊ. मारुतीचा शेंदूर मारुतीले राहू द्या. बरणीचा नाही पायजे."

यावर दौलत हसला. तीही हसली. त्या महिन्यात ते दोघं हसताना पाहिल्याची ही एवढीच आठवण आहे.

शिशाचं काम राखही करते. तिच्यात चुना असतो, क्षार असतात. तेही वाळूला वितळायला लावतात. फक्त बाराशेच्या वर आग मागतात. भाताच्या तुसाची राख दौलतनं गावाकडच्या गिरणीतून आणली; ती जवळजवळ शुद्ध वाळूच असते, पण पिठासारखी मऊ. लाकडाची राख ढाब्यांवरून आली. फेल्डस्पार नावाचा गुलाबी दगड दळून आला. आणि एका रविवारी किशोरनं गाडीला बांधून मौद्याच्या राखेचं पोतं आणून टाकलं. त्याच्या तोंडावर, पापण्यांवर राख होती.

"हे काहून आणलं?" मंदाताईनं विचारलं.

"डोंगर पडले आहेत तिथं. तुले लागन म्हणे दौलत."

"भट्टी पाडाची आहे ना तुले?"

"पाडीन. पण तू राखेपायी हारली असं नाही पायजे मले."

कोळशाची ती राख मातीनं भरलेली असते, आणि मातीचाच उपयोग असतो. नाहीतर वितळलेली काच उभ्या बरणीवरून ओघळून खाली जाते. थोडं लोखंडही असतं, त्यानं रंग येतो. सगळं पाण्यात घालून गोट्यांच्या ढोलात दळलं. तो ढोल दिवसभर फिरायचा. आत गारगोट्या एकमेकींवर आपटत राहायच्या, पत्र्यावर दगडांचा पाऊस पडावा तसा, आणि बाहेर सावलीतही अंग पोळायचं. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे. आवारातली सगळी माणसं त्या दिवसांत ओरडूनच बोलत होती. पाणी मागायचं तरी भांडण वाटायचं.

भट्टी भरली त्या दिवशीचं एक दृश्य मुद्दाम लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण तेव्हा त्याकडे कोणीच नीट पाहिलं नाही. दाराच्या विटा चढत चढत वरच्या ओळीला आल्या. दौलतनं कनवटीची डबी काढली. तीत तेलात कालवलेला शेंदूर होता. वरच्या ओळीच्या प्रत्येक विटेला, ती बसवण्याआधी, त्यानं अंगठ्यानं टिळा लावला. बाहेरच्या अंगाला लावला नाही. आतल्या अंगाला लावला. सगळीकडे टिळा दिसेल असा लावतात, म्हणून मी विचारलं.

"देव आतमध्ये आहे," तो म्हणाला. "बाहेरून लावला तं मालकाले लावल्यासारखं होते."

वीट बसली, टिळा अंधारात गेला. मंदाताई शेजारीच उभी होती. शेंदराचा एक कणही राहू नये म्हणून जिनं बादल्या फेकल्या होत्या, तिनं हात जोडले. आम्ही सगळ्यांनीच जोडले. दौलतनं नारळ फोडला आणि चारी तोंडांत जाळ टाकला.

पहिल्या प्रहरात आतून एक स्फोट ऐकू आला. एखादी बरणी ओली राहिली असेल; तिच्या अंगातलं पाणी बाहेर यायला वाट न मिळाल्यानं वाफ होऊन फुटलं असेल. दौलत म्हणाला, "गेली एक. शेजारचीले घेऊन गेली असन." पुढे भट्टी शांत झाली आणि नुसती गुरगुरत राहिली. उमरेडचा कोळसा फावड्यानं आत जात होता. वर आभाळ पांढरं होतं. दोन्हीकडच्या जाळात उभं राहून दौलतच्या अंगावरचा घाम वाळून मिठाची भुकटी झाली होती. एक कावळा चिमणीवर बसायला आला आणि न बसताच आवारात पडला. त्याला कोणी उचललं नाही.

आग किती चढली हे तीन छोट्या शंकूंवरून कळतं. भट्टीत, छिद्रासमोर, तीन वेगवेगळ्या मिश्रणांचे बोटाएवढे शंकू उभे करतात. आग पोचली की एकेक मान टाकतो. तिसरा पडला की थांबायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिला पडला होता, दुसरा वाकत होता, तिसरा ताठ उभा होता. म्हाताऱ्याची भट्टी शेंदराच्या आगीसाठी बांधलेली. बाराशेच्या वर जायला ती तयार नव्हती. मंदाताई काळा चष्मा लावून छिद्रापाशी वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. ती आदल्या दिवसापासून झोपली नव्हती.

घडलं ते असं. किशोर एका माणसाला घेऊन फाटकातून आला. त्या माणसाच्या हातात मापाची टेप होती. त्यानं टेपचं एक टोक किशोरला दिलं आणि दोघं भट्टीच्या बाजूनं कुंपणापर्यंत जमीन मोजू लागले. टेप भट्टीच्या बुडाला टेकली. मंदाताईनं ते पाहिलं. ती म्हणाली, "अजून तिसरा पडाचा आहे." किशोर म्हणाला, "पडू दे. माप घ्याले काय होते?" कोळशाच्या ढिगावर सळई पडली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि मारली. किशोरनं हात आडवा धरला, उजवा. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तिनं पुन्हा उचलली आणि पुन्हा मारली. दुसरा फटका खांद्याला निसटता लागला. तिसऱ्यांदा तिनं उचलली तेव्हा दौलतनं मागून तिला कवेत धरलं. टेपवाला पळाला.

सळई तीच होती. तिचं टोक त्या दिवशी जाळात नव्हतं, एवढाच फरक.

किशोर ओरडला नाही. हात छातीशी धरून खाली बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा जाळानं लाल होता, ओठ मागे ओढलेले. तो जे म्हणाला ते हळू म्हणाला, पण ढोल बंद असल्यामुळे ऐकू आलं.

"ताई, तूही इथंच वाढली नं गा."

तो चुकला. बाईला 'वं' म्हणतात, 'गा' पुरुषाला. दुरुस्त कोणी केलं नाही. दौलतनं मंदाताईच्या हातातून सळई सोडवून घेतली. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. मग तोच किशोरला रिक्षानं हाड बसवायला घेऊन गेला. ती भट्टीसमोर एकटी राहिली. तिनं फावडं उचललं आणि चारी तोंडांत कोळसा टाकत राहिली. उन्हं उतरली तेव्हा तिसरा शंकू पडला.

ही बातमी कुठं आली नाही. बहीण-भावाचं भांडण, तक्रार नाही. त्या आठवड्यातली पानं उष्माघातानं भरली होती.

भट्टी निवायला आगीएवढाच वेळ द्यावा लागतो. घाई केली, गार वारा आत गेला, तर मातीतल्या गारगोटीचे कण एकदम आकसतात आणि उभी बरणी बंदुकीसारखा आवाज करून दुभंगते. मंदाताईनं घाई केली नाही. उघडायच्या दिवशी किशोर आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तो आवारातल्या चिंचेखाली उभा राहिला, ती विटा उतरवू लागली.

आतून निघालेला माल पाहून दौलत आधी खाली बसला. दारालगतच्या बरण्या अशा चमकत होत्या की बापाच्या हातच्या त्यांच्यापुढे फिक्या. गुळाच्या पाकाचा रंग, त्यात हिरवट झाक. मधल्या ओळी जरा मंद. मागच्या भिंतीजवळ, जिथं आग नीट पोचली नव्हती, तिथल्या राखाडी, निस्तेज, जवळजवळ खरखरीत. पण गळकी एकही दिसत नव्हती. दौलतनं दारालगतची एक उचलून किशोरपुढे धरली. किशोरनं ती डाव्या हातात घेतली, फिरवली, आत पाहिलं.

"जितली तू," तो बहिणीला म्हणाला. परतायला वळला, मग थांबून म्हणाला, "चांगली निघाली."

"उद्या सकाळी," मंदाताई म्हणाली. तिनं प्रत्येक ओळीतली एक बरणी काढली आणि सिरक्यानं भरून झाकली.

सकाळी भट्टीसमोरच्या कठड्यावर काचेचे पेले मांडलेले होते, भट्टीतल्या ओळींच्या क्रमानं. तिनं प्रत्येकात त्या त्या बरणीतला सिरका ओतला आणि बाटलीतून थेंब टाकले. मागच्या भिंतीचा पेला स्वच्छ राहिला. मधला चहासारखा झाला. दारालगतचा काजळासारखा काळा. तिनं तो धुतला, पुन्हा भरला, पुन्हा थेंब टाकले. पुन्हा काळा.

राखेत शिसं नव्हतं. ती तिनं आधीच तपासली होती. मग ती उतरवलेल्या विटांच्या ढिगाकडे गेली. वरच्या ओळीची एक वीट उलटी केली. जिथं टिळा लावला होता तिथं पिवळ्या काचेचा एक थेंब होता, मण्यासारखा सुंदर, आणि त्याच्याखाली जुन्या टिळ्यांचे थर, एकावर एक वितळलेले, सगळी वीट मधानं माखल्यासारखी.

"दौलतभाऊ, शेंदूर कुठला होता?"

"देवाचा, बाई."

"कोणत्या पिंपातला?"

"तोच. फेकाच्या आधी देवासाठी डबीभर काढून ठेवला. तुम्हीच तं म्हटलं, मारुतीचा मारुतीले."

ती रागावेल म्हणून तो एक पाऊल मागे सरला. ती रागावली नाही. "मी उभी होती तिथं," ती म्हणाली. "मी हात जोडले." ती वाकून भट्टीत शिरली. आतून खिळ्यानं खरवडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळव्यावर पिवळ्या कपच्या होत्या. घुमटाची सगळी आतली बाजू तशीच होती. इतक्या वर्षांत जेवढं शिसं बरण्यांवरून वाफ होऊन उडालं, ते विटांनी पिऊन ठेवलं होतं. बाराशेच्या आगीनं ते पुन्हा जागं झालं आणि जवळ जे सापडलं त्याच्यावर जाऊन बसलं. टिळे नसते तरी फार फरक पडला नसता. जिथं आग कमी पडली तेवढंच वाचलं होतं.

किशोर दुपारी आला. त्यानं पेले पाहिले, विटा पाहिल्या. दौलतनं त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ प्लास्टरवर बोटं वाजवत उभा राहिला.

"दाराच्या विटा बदल," तो म्हणाला. "आणखी एक भट्टी लाव. मी थांबतो."

"आन भिंती?"

"भिंतींचं पाहू नं मंग."

"भिंतीतच आहे किशोर. जाळ लावला का तो बाहेर येते." ती पहार शोधत होती. "दौलतभाऊ, पहिले पाणी मारा. धूळ उडाले नको पायजे. तोंडं बांधा सगळ्यांनी."

दौलतनं नळी आणली. घुमट ओला झाला आणि त्यातून गरम मातीचा वास आला. मंदाताईनं तोंडावर ओला दुपट्टा बांधला आणि पहिला घाव चिमणीच्या बुडाशी घातला. वीट हलली नाही. तिनं त्याच जागी पुन्हा घातला. बरण्या फोडताना जो ठेका होता तोच होता, फक्त सावकाश. पहिली वीट आत पडली तेव्हा किशोर म्हणाला, "ताई, जेसीबी बोलावतो नं. कायले हात दुखवते?" ती थांबली नाही. मग तो पुढे आला.

"मले दे."

"एका हातानं?"

"दे तं."

त्यानं डाव्या हातात पहार घेतली. बाही वर सरकली होती. तापल्या सळईचा डाग पहारीला घासत होता. त्याच्या घावांत जोर नव्हता, नेमही नव्हता. तो तरी मारत राहिला, आणि मारताना दुपट्ट्याआडून काहीतरी बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते. एका घावाला पहार सुटून खाली पडली. मंदाताईनं ती उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या टोकाला स्वतः धरली. दौलत पाणी मारत राहिला. घुमटाचा माथा आत कोसळला तेव्हा उन्हाचा एक झोत सरळ भट्टीच्या पोटात पडला, आणि आतली सगळी भिंत पिवळी पेटल्यासारखी चमकली. इतकी सुंदर झिलई त्या कारखान्यातून कधी बाहेर पडली नव्हती.

आता तिथं लॉन आहे. भट्टीच्या जागी नवरा-नवरीचं स्टेज. तिथली माती मंदाताईनं खोलवर खणून, पोत्यांत बांधून घालवली, मगच किशोरला फाटक उघडून दिलं. ती पुन्हा शिकवायला लागली. दौलत गावी गेला. लॉन किशोर बघतो. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात तो दारात उभा होता. मंदाताई बायकांच्या पंगतीत वाढत होती आणि मधूनमधून त्याला हाक मारून काम सांगत होती. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"हा बापाचा, हा ताईचा," तो म्हणाला. "थंडीत ताईचा दुखते. बापाचा नाही दुखत आता."

"सांगितलं का तिला?" मी विचारलं.

"कायले? ती विचारते नं दर थंडीत. मी म्हणतो, नाही दुखत."

जागा सोडताना मंदाताईनं मला मागच्या ओळीतली एक बरणी दिली होती. स्वच्छ आहे, पण कच्ची आहे, लोणचं घालू नका, असं सांगून. तेव्हा तिच्या अंगावर एकही रेघ नव्हती. फडताळात ती रिकामीच असते.

काल दुपारी ती पुन्हा वाजली. नवी रेघ शोधायला वेळ लागला. उजेडात धरली तर दिसते, मानेपासून निघून खाली जुन्या रेघेला जाऊन मिळालेली. वरून बोट फिरवलं. बोटाला काही लागत नाही.